जुनं माप झाकून

नसीम,

कॉलेजच्या ग्रुपवर तुझ्याविषयी जे लिहून येतंय ते तू वाचलं असतंस, तर डबा बाजूला सारून हसत बसली असतीस. 'मनमिळाऊ स्वभावाच्या शेख मॅडम आपल्यात नाहीत.' मनमिळाऊ, आणि तू? स्टाफरूममध्ये तुझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असायची, कारण तिथं बसणाऱ्याला चहा संपेपर्यंत एका तरी बोलण्याचा पुरावा द्यावा लागायचा. जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण, हे सगळं बाकीच्यांनी लिहून टाकलंय, तेव्हा माझी त्यातून सुटका झाली. मला तुझ्याशी बोलायचंय. बोलायचं म्हणजे भांडायचंच, कारण आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय आणि भांडण अर्ध्यावर टाकून उठून जाणं तुझ्या स्वभावात नव्हतं.

शिवाय एक बातमी द्यायची आहे. तुझ्या शेवटच्या बॅचची प्रॅक्टिकलची परीक्षा परवा झाली. काय काय झालं ते तुला दुसरं कुणी नीट सांगणार नाही.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी लातूरहून भेटायला आले होते, ती आपली शेवटची भेट. उशीला टेकून तू मोसंबी सोलत होतीस, खात मात्र नव्हतीस. माझ्या हातात एकेक फोड देत म्हणालीस, "मंगे, यंदा माझ्या पोरांना बाहेरची परीक्षक म्हणून तूच ये. मी सांगून ठेवलंय."

"तुझ्या पोरांना मी मार्क देऊ? त्यांची तीन रीडिंगं कधी जुळत नाहीत. रडतील माझ्या हातनं."

"म्हणूनच म्हणते. येशील ना?"

मी म्हटलं, "बघते."

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण हो म्हटलं की त्या दिवशी तू तिथं नसशील हेही कबूल केल्यासारखं होणार होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. मग नर्स आली, मग सलीमभाई डबा घेऊन आले, आणि तो विषय तिथंच राहिला. तुझ्या भावाच्या हातचं खिम्याचं सॅंडविच खाऊन मी लातूरच्या बसमध्ये बसले. लोह्यापर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होते, त्यानंतर झोप लागली.

आपली गाठ पडली तीच मुळी एका काचेच्या नळीपायी. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, नांदेडच्या कॉलेजची लॅब. मी कंधारकडच्या खेड्यातून एस.टी.नं येणारी, दोन वेण्या, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. तू गावातली, जुन्या नांदेडातल्या टेलरची मुलगी, अंगात अब्बांनी शिवलेला असा नेमका कुर्ता की मला तुझा हेवा वाटला होता. ब्युरेटी कमी आणि मुलं जास्त, म्हणून एका ब्युरेटीवर दोघी. सरांनी एकदाच सांगितलं, उंच नळीतून थेंब थेंब खालच्या फ्लास्कात सोडायचं, रंग पालटला की तोटी बंद करायची, किती लागलं ते नळीवर वाचायचं. असं तीनदा करायचं. तिन्ही वेळा सारखंच आलं तर ते खरं. त्याला सगळे सी.बी.आर. म्हणायचे, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, आणि ते तीन सारखे आकडे आले नाहीत तर परीक्षक मार्क कापतो, हे आम्हाला रंग पालटायचा कसा हे कळायच्या आधी कळलं होतं.

तू वाचत होतीस, मी लिहीत होते. पहिल्यांदा तू म्हणालीस नऊ पॉइंट आठ. दुसऱ्यांदा नऊ पॉइंट सहा. तिसऱ्यांदा काय म्हणालीस ते मी ऐकलंसुद्धा नाही, कारण मी तिन्ही ओळींत नऊ पॉइंट आठ लिहून मोकळी झाले होते. तू माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंस.

"क्या लिखी तू? मैं तो छे बोली थी."

"तिन्ही सारखी यावी लागतात."

"यावी लागतात म्हणून आली?" तू डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलंस. तेव्हा आपली ओळख दोन दिवसांचीही नसेल. "एका आईची तीन लेकरं सारखी निघत नाहीत गं, तुझी रीडिंगं बरी निघाली."

आजूबाजूची पोरं हसली. मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. मग एक दिवस एस.टी. चुकली आणि तू मला तुझ्या घरी नेलंस.

तुमचं दुकान खाली, घर वर. अब्बा गळ्यात टेप अडकवून उभे, समोर त्यांचं जुनं गिऱ्हाईक, पोट पुढं आलेले कुणी मास्तर. अब्बा माप घ्यायचे आणि मोठ्यानं बोलायचे, तू वहीत लिहायचीस. लिहिताना तुझा डावा तळहात त्याच पानावर पालथा पडलेला. मला वाटलं वारा आहे म्हणून पान धरलंय. तर तू सांगितलंस की वर मास्तरांचं मागच्या वर्षीचं माप आहे, ते झाकायचं असतं. जुनं माप दिसलं की अब्बांची टेप तिथंच जाऊन थांबते. "पिछला माप ढाँक," असं ते तुला लहानपणापासून बजावायचे. गिऱ्हाईक जुनं असलं तरी पोट नवं असतं म्हणायचे.

आता खरं सांगायचं तर अब्बांनी पुढं माझ्यासाठी ज्या सलवारी शिवल्या त्या कायम ढगळ असायच्या. झाकून मोजलं म्हणून बरोबर मोजलं असं काही नसतं, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालीस, "चुकली तर चुकली. पण मोजून चुकली."

पण दुकानातली ती वही बघितली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये तू तेच सुरू केलंस. आधीच्या रीडिंगवर माझाच हात धरून पालथा ठेवलास. "मी वाचते, तू लिही. वर बघायचं नाही." आणि तुझं बघून मलाही ते लागलं. पुढची तीन वर्षं आपण तशाच लिहीत गेलो, एकीचा डोळा नळीवर आणि एकीचा हात कागदावर. आपली रीडिंगं कधी जुळली नाहीत. एकदा परीक्षकांनी विचारलं, दोघींना प्रॅक्टिस नाही का? तू म्हणालीस, सर, प्रॅक्टिस आहे म्हणूनच. दोघींचेही मार्क कापले गेले, आणि परत येताना तू मला उसाचा रस पाजलास, जणू काही लग्न ठरलं होतं.

मग तू नांदेडातच शिकवायला लागलीस आणि मी लातूरला. तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

माझ्या वर्गात मुरुडकडून, औशाकडून बसनं येणाऱ्या पोरी आहेत. त्यांचे बाप कॉलेजच्या फाटकाशी येऊन एकच गोष्ट विचारतात, मॅडम, हिला पुढं नंबर लागेल का? लागला तर शिकेल, नाही लागला तर दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतील. अशा पोरीचे दोन मार्क केवळ तिची रीडिंगं एकमेकींशी जुळली नाहीत म्हणून गेले, तर ते मी कुठल्या तोंडानं तिला सांगू? म्हणून मी शिकवते नीट, करवून घेते नीट, आणि शेवटी सांगते की बाई, परीक्षेत तीन सारखी लिहून ये. आधी पोटोबा. हे मी तुझ्यापासून कधी लपवलं नाही, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. तू फोनवर म्हणायचीस, "तुमच्या लातुरात सगळ्यालाच क्लास लागतो, खरं बोलायला पण लावा." मी म्हणायचे, "तुझं काय जातं? तुझ्या पोरांचे बाप तुझ्या दारात येत नाहीत." तू म्हणायचीस, "येतात. मी त्यांना पण माप झाकायला लावते." आणि मग दोघी हसायचो. तरी ते हसणं म्हणजे तह नव्हता, हे दोघींना ठाऊक होतं. दर परीक्षेला तेच भांडण, त्याच ओळी, आणि कधीमधी नवी शिवी.

तर परवाचं सांगते.

मी सकाळच्या गाडीनं आले. उन्हाळा असा की अहमदपूरच्या स्टँडवर डांबर पायाला चिकटत होतं. तुझ्या लॅबच्या दारात पोहोचले. तुझा ॲप्रन खुंटीला तसाच होता, खिशाला निळा डाग घेऊन. तुझ्या जागेवर आलेले अमोल सर पुढं झाले. तरणा माणूस आहे, तासांवर पैसे मिळणारा, दोन कॉलेजात शिकवतो, घाबरलेला असतो म्हणून भराभरा बोलतो. त्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं. यंदा प्रयोग पाण्याचा होता, पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती, ते काढायचं. आधी ईडीटीए नावाच्या रसायनाचं द्रावण बरोबर बनलंय का ते तपासायचं, मग तेच द्रावण पाण्यात थेंब थेंब सोडायचं. अमोनियाचं बफर आणि इंडिकेटर टाकलेलं पाणी वाइनसारखं तांबूस दिसतं, ते निळं झालं की थांबायचं. सोपं वाटतं. पण मधे एक जांभळा पडतो, तो फसवतो, आणि कितीतरी पोरं तिथंच थांबतात. तू त्या जांभळ्याला काय म्हणायचीस ते लिहीत नाही, घरातली मोठी माणसं हे वाचतील.

घंटा झाली. पोरं कामाला लागली. मी सवयीप्रमाणं टेबलांमधून फेरी मारायला निघाले आणि दुसऱ्या टेबलाशी थांबले.

त्या पोराचा डावा तळहात कागदावर पालथा होता. त्याच्या शेजारच्या पोरीचाही. मी मान वर करून लॅबभर बघितलं. उजव्या हातात पेन आणि डावा हात आधीच्या रीडिंगवर झाकलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. तुझ्या अब्बांच्या दुकानातला हात तिथं सगळ्यांना फुटला होता. मी खिडकीशी गेले आणि बाहेर बघत राहिले. अमोल सरांनी विचारलं, मॅडम, पाणी आणू का? मी म्हटलं, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. ते त्या प्रयोगात खोटं वाटत नाही, एवढं बरं.

नसीम, मला तुझा राग आला. एवढं सगळं शिकवून ठेवायचं आणि स्वतः नसायचं, ही कुठली पद्धत?

पण पुढं ऐक. परीक्षकाच्या टेबलावर कागद असतो, त्यावर त्या दिवसाचं अपेक्षित उत्तर. पाण्याच्या रीडिंगपुढं अमोल सरांनी अकरा पॉइंट दोन लिहिलं होतं. मी पोरांचे कागद बघत गेले तर पहिला भाग सगळ्यांचा नीट, कागदाशी जुळणारा. दुसऱ्या भागात चौदा. कुठं चौदा पॉइंट एक, कुठं चौदा पॉइंट तीन, कुठं पुरे चौदा. अकरा कुठंच नाही. एवढा फरक म्हणजे अचूकपणाचे सगळे मार्क गेले, एकूण एक पोरांचे.

अमोल सर माझ्या कानाशी आले. "मॅडम, पोरांचा दोष नाही. शेख मॅडम दोन महिने नव्हत्या, प्रॅक्टिस झाली न्हाई. तुम्ही म्हणाल तर मी हळूच आकडा सांगू का? सगळीकडं सांगतात."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझ्या कॉलेजात मी असते तर कदाचित मान हलवली असती, हेही तुला माहीत आहे. पण मला दुसरीच गोष्ट टोचली. ही बॅच बुडाली तर लोक म्हणणार, बाई आजारी होती ना, शेवटी शेवटी शिकवणं राहिलंच. तुझ्या नावाला ते चिकटणार आणि तू उत्तर द्यायला नसणार. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. तेवढ्यात आकडा सांगायची गरजही संपली, कारण तो फुटला होता. टेबलावरचा कागद कुणीतरी उलट्या बाजूनं वाचला आणि लॅबभर कुजबूज झाली, अकरा पॉइंट दोन, अकरा पॉइंट दोन. मी डोळ्यांच्या कडेनं बघत होते. आता हात उचलले जाणार आणि खाडाखोड सुरू होणार. लातुरात एव्हाना झाली असती.

एकजण उठून माझ्याकडं आली. वैष्णवी तिचं नाव, मुदखेडहून रेल्वेनं येते. तुला तिची ओळख काय द्यायची? पुढ्यात कागद धरून उभी, हात अजून त्यावर पालथाच.

"मॅडम, माझं चौदाच येऊन राहिलं. चारदा केलं. सगळे अकरा म्हणून राहिले. काय लिहू?"

मी इतकी वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर देत आलेय. जिभेवर तयारच होतं ते. तुझी खुंटी समोर होती, ॲप्रन होता, आणि ही पोरगी माझ्याकडं बघत होती, कारण तू असतीस तर तिनं तुला विचारलंच नसतं. तुला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. मला काय हवंय तेवढं तिला कळत नव्हतं.

मी म्हटलं, "थांब. मी करून बघते."

परीक्षकानं परीक्षेत ब्युरेट हातात धरलेली अमोल सरांनी आधी पाहिली नसावी. मी तुझ्या टेबलाशी गेले. ब्युरेट धुतली, द्रावणानं विसळली, भरली, वरचं नरसाळं काढून ठेवलं, तोटीतला बुडबुडा घालवला. त्याच कॅनमधलं पाणी पिपेटनं घेतलं. तोटी सोडली आणि फ्लास्क फिरवायला लागले. तांबूस, मग तो हलकट जांभळा, मग एका थेंबात निळं. चष्मा काढून नळीवर बघायला गेले तर आकडे दिसेनात. दुपारची तिरीप होती, अमोनियाही होता, आणि बाकीचं तू समजून घे.

"वैष्णवी," मी म्हटलं, "तू वाच. मी लिहिते."

ती वाकली, डोळा नळीच्या पातळीला आणला, तुझ्यासारखाच श्वास रोखून. "चौदा पॉइंट एक." मी लिहिलं. आणि दुसऱ्या खेपेला ब्युरेट भरून झाल्यावर बघते तर माझा डावा हात कागदावर आपोआप पालथा पडलेला होता. बी.एस्सी.नंतर पहिल्यांदा.

दुसऱ्यांदा चौदा पॉइंट तीन आलं. तिसऱ्यांदा चौदा पॉइंट दोन.

मी अमोल सरांना बोलावलं. विचारलं, हे अकरा पॉइंट दोन तुम्ही कधी काढलं? द्रावणाचा भाग त्यांनी सकाळी स्वतः करून बघितला होता, पाण्याचा नाही. हिवाळ्यात तू पोरांसमोर हाच प्रयोग करून दाखवला होतास, त्यातलं तुझं रीडिंग त्यांना पाठ होतं, तेच लिहिलं. "शेख मॅडमनी काढलेलं होतं. म्हटलं त्यांचं चुकणार कसं?"

"आणि पाणी तेच?"

"हाव, आपल्या नळाचंच..." आणि बोलता बोलता ते थांबले. कपाळाला हात लावला. "बोर आटली मॅडम. महिना झाला, टाकीत टँकरचं पाणी हाय."

काय म्हणायचं गं याला? पाणी बदललं, तुझं माप जुनं झालं, आणि तुझ्यावरच्या भक्तीनं तुझीच पोरं बुडत होती. तू असतीस तर अमोल सरांना झापलं असतंस, आणि मग तुझ्याच डब्यातलं अर्धं त्यांच्यापुढं सरकवलं असतंस. मी नुसतं झापलं, डबा मी आणला नव्हता. त्यांनी मुकाट्यानं जुना आकडा खोडला, माझं रीडिंग लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. मार्क त्याप्रमाणं दिले गेले. तुझ्या बॅचला चांगले मार्क आहेत, काळजी करू नकोस. तुझ्या हाताखालून गेलेल्यांना शोभतील असे.

दोघं सोडून. दोघांनी कुजबूज ऐकून तीन ओळींत अकरा पॉइंट दोन लिहिलं होतं, एकाखाली एक, एकसारखं. त्यांची नावं तुला सांगत नाही. तू जिथं आहेस तिथून खाली येऊन त्यांना बाकावर उभं करशील. पण ते दोघं मला परके वाटले नाहीत, हे मात्र तुला ऐकावं लागेल. त्यातल्या एकाच्या खोडलेल्या ओळी मी उजेडात धरून बघितल्या. खाली चौदाच होतं. त्याचा हात नीट होता, डोळाही नीट होता, फक्त धीर सुटला. अशांचं काय करायचं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. विचारलं की म्हणायचीस, नाचता येईना अंगण वाकडं. इथं अंगण खरंच वाकडं होतं नसीम, टेबलावरचा कागदच चुकीचा होता. तुझ्या पोरांनी खरं लिहिलं ते खरंच, पण मी जर तो कागद खरा मानून निघून आले असते, तर त्यांच्या खरेपणाला शून्य मिळालं असतं आणि ते दोघं पास झाले असते. माझं म्हणणं इतकी वर्षं एवढंच तर होतं.

आणि तुझं म्हणणं काय होतं, ते मला परत येताना गाडीत कळलं. तुला हे माहीत होतं. पोरांनी खरं लिहिलं तरी पलीकडं कुणीतरी ब्युरेट हातात घेणारं हवं, हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं. म्हणून तू मला सांगून ठेवलंस. भांडते, पण मापात पाप करणार नाही, एवढा हिशेब माझ्याबद्दल तू मोसंबी सोलता सोलता करून ठेवला होतास. तोंडानं मात्र एक चांगला शब्द बोलली नाहीस. मीही कुठं बोलले? आपल्या दोघींमध्ये आभार मानायची पद्धत कधी पडलीच नाही. मला लॅबमध्ये टिकवलं ते तू. गावाकडची पोरगी काचेला हात लावायला भ्यायची, तिच्या हातात तू पिपेट दिलीस आणि म्हणालीस, फुटली तर माझ्या नावावर. हे मी तुला आज सांगतेय, आणि तू ऐकत नाहीस, म्हणूनच सांगू शकतेय.

संध्याकाळी तुमच्या घरी जाऊन आले. सलीमभाईंनी चहा दिला. अब्बांच्या मागेही दुकान चालू आहे, गिऱ्हाईक कमी आहे, पण माप अजून झाकूनच लिहितात. मी त्यांना पोरांच्या हातांचं सांगितलं. ते टेप गुंडाळत म्हणाले, "अब्बा को बताना चाहिए था." अब्बांना आणि तुला, दोघांनाही सांगायला हवं होतं.

एक सांगायचं राहिलं. तिसरं रीडिंग झाल्यावर मी कागदाकडं बघत बसले होते. चौदा एक, चौदा तीन, चौदा दोन. वैष्णवीला वाटलं मी नाराज आहे. ती मला धीर द्यायला म्हणाली, "राहू द्या मॅडम. शेख मॅडम म्हणायच्या, एका आईची तीन लेकरं सारखी निघत न्हाईत."

ते वाक्य पहिल्यांदा कुणाला ऐकवलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. माझ्या पोरींना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचीही परीक्षा आहे, तिथं बाहेरून कोण येणार ते मला माहीत नाही, आणि त्यांचे बाप फाटकाशी येतीलच. भांडण मिटलं असं समजू नकोस.

पण तू विचारलं होतंस, येशील ना, आणि मी धड उत्तर दिलं नव्हतं. आले होते मी, नसीम. तुझी पोरगी वाचत होती, मी लिहीत होते, आणि ती जे बोलली तेच लिहिलं.

तुझी,
मंगल